आइनझीडेल्नचा मठ : श्रद्धा आणि श्रम

कामगार चळवळीत उमेद घालवलेल्या माणसाने ख्रिस्ती मठाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्ही आजवर बोललो ते बहुधा कारखान्याच्या फाटकावर. विषय ठरलेले : महागाई भत्ता, बोनस, कंत्राटी कामगार. आमचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. धर्मशास्त्राचा आमचा अभ्यास नाही, वास्तुशास्त्राचाही नाही. तेव्हा पंडिताकडून जे ऐकावयाचे ते आमच्याकडून मिळणार नाही. मग हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या देवस्थानातील झाडूवाले, पाणके आणि प्रसादाच्या भटारखान्यातील माणसे आमच्या कचेरीत आली. किमान वेतन नाही, आठवड्याची सुटी नाही, सणावारी तर सोळा-सोळा तास काम. आम्ही विश्वस्तांना भेटलो. त्यांतले एक वयोवृद्ध गृहस्थ अगदी सौम्यपणे म्हणाले, "अहो, ही देवाची सेवा. सेवेला पगार कसला?" आम्हांला उत्तर सुचले नाही असे नाही. कायद्याचे उत्तर खिशातच होते. पण त्या गृहस्थांचा चेहरा लबाडाचा नव्हता, हे आम्हांला बोचत राहिले. घरी आल्यावर आईला सांगितले. आई वारकरी, आषाढीची वारी तिने कधी चुकवली नाही. ती म्हणाली, "देवाचं देवाला. पण झाडणाऱ्याच्या पोराला भाकर लागतीच की."

या दोन वाक्यांचा निवाडा करण्याच्या खटपटीत आम्ही असतानाच जिनिव्हास जाण्याचा योग आला. तेथे दर जून महिन्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची परिषद भरते. परिषदेत एक रिकामा दिवस मिळाला. बरोबरचे लोक बर्फाचे डोंगर पाहावयास गेले. आम्ही मात्र एका स्विस कामगार कार्यकर्त्याच्या सांगण्यावरून आइनझीडेल्नला गेलो. तो म्हणाला होता, "तुमच्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण हजार वर्षे तोच प्रश्न विचारला गेला आहे, एवढे दिसेल."

झुरिकहून आगगाडी सरोवराच्या काठाने वेडेन्सव्हिलपर्यंत जाते. तेथे दुसरी गाडी धरावी लागते, आणि ती डोंगर चढू लागते. तासाभरात आपण समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या एका हिरव्यागार पठारावर येतो. आपल्या माथेरानपेक्षा थोडे अधिक उंच. गाव लहानसे. स्टेशनातून सरळ चालत गेले की रस्ता एकदम उघडतो आणि समोर प्रचंड चढते पटांगण दिसते. पटांगणाच्या माथ्यावर पिवळसर दगडाची मठाची इमारत आडवी पसरलेली आहे. मधोमध दोन मनोरे, आणि त्यांमध्ये देवालयाचा पुढे फुगलेला दर्शनी भाग. आपल्याकडील मंदिर गावाच्या गर्दीत दडलेले असते आणि शिखर तेवढे लांबून दिसते. येथे मुद्दाम मोकळी जागा राखली आहे. शे-दीडशे मैल पायी चालून आलेल्या यात्रेकरूला शेवटची चढण डोळ्यांसमोर घर ठेवून चढता यावी, अशी ती योजना.

आता या ठिकाणाचा इतिहास थोडक्यात पाहू. आइनझीडेल्न या नावाचा संबंध एकान्तवासी या अर्थाच्या जर्मन शब्दाशी आहे. नवव्या शतकात मायनराड नावाचा एक बेनेडिक्टाईन साधू येथल्या घनदाट अरण्यात येऊन राहिला. सुमारे इ. स. ८३५ ची ही गोष्ट. त्याच्या झोपडीत देवाची एक लहानशी वेदी होती. इ. स. ८६१ च्या जानेवारीत दोन माणसे त्याच्याकडे आली. त्याने त्यांना खाऊपिऊ घातले. आणि यात्रेकरूंनी वाहिलेले द्रव्य त्याच्यापाशी असेल या लोभाने त्यांनी त्याला ठार मारले. पुढची कथा अशी की, साधूने पाळलेल्या दोन डोमकावळ्यांनी त्या मारेकऱ्यांचा पाठलाग थेट झुरिकपर्यंत केला, आणि त्यांच्या ओरडण्यामुळे ते पकडले गेले. मठाच्या ध्वजचिन्हावर आजही दोन कावळे आहेत. इ. स. ९३४ मध्ये एबरहार्ड नावाच्या धर्माधिकाऱ्याने त्या झोपडीच्या जागी रीतसर मठ स्थापन केला. इ. स. ९४८ मध्ये बिशप देवालयाची प्रतिष्ठा करावयास निघाला, तेव्हा रात्री देवदूतांनीच ती करून टाकली अशी श्रद्धा आहे. म्हणून दर वर्षी १४ सप्टेंबरला येथे मोठा उत्सव होतो.

ही झाली कथा. पण मठ कथेवर चालत नाही, त्याला जमीन लागते. इ. स. १०१८ मध्ये सम्राट दुसरा हाइनरिख याने भोवतालचे अरण्य मठाला दान दिले. सनद सम्राटाची होती आणि मुद्रा खरी होती. परंतु त्याच अरण्याच्या दुसऱ्या अंगाला श्वित्स नावाच्या खोऱ्यातले शेतकरी राहत. उन्हाळ्यात गुरे वर डोंगरकुरणावर न्यावीत, हिवाळ्यात खाली आणावीत, हा त्यांचा जीवनक्रम. लोक वाढले, गुरे वाढली, आणि शेतकरी जंगल तोडीत वर सरकू लागले. मठ म्हणे, आमच्या सनदेत हे सारे आमचे. शेतकरी म्हणत, रान आम्ही तोडले, गवत आमच्या गुरांनी खाल्ले. सनद देणाऱ्याने हे रान कधी पाहिले तरी होते काय? ज्यांनी आपल्याकडील गायरानाचे आणि जंगलखात्याचे तंटे जवळून पाहिले आहेत, त्यांना हे संवाद नवे वाटणार नाहीत.

हा तंटा दोनशे वर्षांहून अधिक काळ चालला. इ. स. १११४ मध्ये सम्राटाच्या दरबारात निकाल मठाच्या बाजूने झाला. पुढे आणखी निकाल झाले. त्यांनी कुरणे काही सुटली नाहीत. शेवटी ६ जानेवारी १३१४ च्या रात्री श्वित्सच्या शेतकऱ्यांनी मठावर चाल केली, तो लुटला आणि साधूंना कैद करून नेले. मठाचे संरक्षक होते हाब्सबुर्ग घराण्याचे सरदार. त्यांना शेतकऱ्यांना धडा शिकविण्यास निमित्त मिळाले. १५ नोव्हेंबर १३१५ रोजी ड्यूक लिओपोल्ड फौज घेऊन आला; आणि मॉर्गार्टेनच्या अरुंद वाटेवर डोंगरातल्या शेतकऱ्यांनी त्या चिलखती घोडेस्वारांचा धुव्वा उडवला. स्विस लोक आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात मॉर्गार्टेनच्या लढाईला मोठे स्थान देतात. त्या देशाचे नावही या श्वित्सवरूनच पडले आहे. कुरणाचा तंटा मात्र लढाईने मिटला नाही. तो मिटला इ. स. १३५० मध्ये, दुसऱ्या एका मठाच्या मठाधिपतीने केलेल्या तडजोडीने. वादातला मोठा भाग श्वित्सच्या लोकांकडे राहिला. तडजोड करणे म्हणजे लढा विकणे, असे म्हणणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना आम्ही हे उदाहरण नेहमी सांगतो. सहाशे पंचाहत्तर वर्षे झाली, ती तडजोड टिकली आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या शेतकऱ्यांनी मठ लुटला, त्यांची देवीवरची श्रद्धा ढळली नाही. पुढच्या शतकांत त्याच खोऱ्यातून लोक मेणबत्त्या घेऊन या देवालयात येत राहिले. भांडण जमिनीच्या मालकाशी होते, देवीशी नव्हते. कष्टकरी माणसाला हा फरक चांगला कळतो. तो कळत नाही तो मालकाला, आणि कधीकधी आम्हां पुढाऱ्यांना.

मठाच्या आतही एक भिंत होती. शेकडो वर्षे येथे संन्यास घेण्याचा अधिकार उच्च सरदारकुळातील मुलांनाच होता. देवापुढे सर्व समान. पण देवघराच्या दारात कुळी तपासली जाई. परिणाम काय झाला? संन्यासी कमी कमी होत गेले. इ. स. १५१६ ते १५१८ या काळात हुल्ड्रिख झ्विंग्ली येथे धर्मोपदेशक होता. तीर्थयात्रेच्या नावाने चाललेला बाजार त्याने जवळून पाहिला, त्याविरुद्ध व्यासपीठावरून उपदेश केला, आणि पुढे झुरिकला जाऊन धर्मसुधारणेचा झेंडा उभारला. त्या वादळात हा मठ जवळजवळ ओस पडला. इ. स. १५२६ मध्ये लुडविग ब्लारर हा बाहेरून आणलेला मठाधिपती आला. त्याच्यापासून सरदारकुळीची अट मोडली आणि सामान्यांच्या मुलांना दार उघडले. मठ वाचला तो त्यामुळे. आपल्याकडे पंढरपूरचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. दार उघडल्याने देव बाटला नाही, हे आपण पाहिलेच आहे.

आता आज उभी असलेली इमारत पाहू. मठाचे बांधकाम १७०४ साली सुरू झाले आणि नव्या देवालयाची प्रतिष्ठा १७३५ साली झाली. आत पाऊल टाकले की क्षणभर काहीच सुचत नाही. पांढऱ्या, सोनेरी, गुलाबी रंगांची नुसती उधळण. आझाम बंधूंपैकी एकाने छतावरची चित्रे काढली आणि दुसऱ्याने गिलाव्यात मूर्ती व वेलबुट्टी घडवली. एका घुमटात येशूजन्माचा देखावा आहे आणि त्यात रात्रपाळीला जागे असलेले मेंढपाळ आहेत. आम्ही मान दुखेपर्यंत त्या मेंढपाळांकडे पाहत राहिलो. परंतु आम्हांला सर्वांत अधिक ओढ लागली ती हा आराखडा काढणाऱ्या माणसाची. त्याचे नाव कास्पार मोसब्रुगर.

हा कोणी दरबारी शिल्पशास्त्री नव्हता. ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला फोरार्लबर्ग नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील आउ या खेड्यात १६५६ साली तो जन्मला. पाथरवटाचे काम शिकला आणि पाथरवट म्हणूनच आइनझीडेल्नला आला. पुढे तो तेथेच सेवकबंधू झाला. सेवकबंधू म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. मठात दोन प्रकारचे लोक असत. एक, लॅटिन जाणणारे, पूजापाठ करणारे संन्यासी. दुसरे, सुतारकी, स्वयंपाक, गवंडीकाम करणारे सेवकबंधू. व्रते दोघांची; पण मठाच्या सभेत मत पहिल्यांनाच. म्हणजे ज्याच्या डोक्यातून हे सारे देवालय निघाले, त्याला मठाच्या सभेत हात वर करण्याचा अधिकार नव्हता. १७२३ साली तो वारला. देवालयाची प्रतिष्ठा व्हावयास अजून बारा वर्षे होती.

मोसब्रुगरच्या आउ गावाची हकीकत तर एखाद्या कामगार नेत्याने शाळेत शिकवावी अशी आहे. त्या मुलखात शेती थोडी, हिवाळा लांब. पोट भरण्यासाठी पुरुष वसंत ऋतूत बाहेर पडत, दूरदूरच्या मठांची व देवळांची बांधकामे करीत आणि थंडी पडू लागली की घरी परतत. आपल्या कोकणातला चाकरमानी होळी-गणपतीला घरी येतो, तसे हे हिवाळ्याचे पाहुणे. १६५७ साली त्यांनी आउ येथे गवंडी, पाथरवट आणि सुतार यांची श्रेणी बांधली. उमेदवारी किती वर्षांची, उस्ताद कोणास म्हणावे, याचे नियम ठरले. हिवाळ्यात घरी बसलेली पोरे आराखडे काढावयास शिकत; जुन्या उस्तादांच्या नकाशांच्या नकला उतरवीत. जर्मनीचा दक्षिण भाग, स्वित्झर्लंड, आल्सास या प्रदेशांत जी भव्य बारोक देवालये प्रवासी आज आ वासून पाहतात, त्यांतली कितीतरी या खेडुतांच्या हातची आहेत. श्रेणी ही काही आजच्या अर्थाने कामगार संघटना नव्हे. तीत उस्तादाचे वर्चस्व असे. पण एकट्या पाथरवटाला मठाधिपतीपुढे जे बोलता येत नाही, ते श्रेणीला बोलता येते, ही जाण त्यांना होती. आणि ज्ञान हे हाताइतकेच महत्त्वाचे हत्यार आहे, ही जाणही होती. आमच्या वाचनालयाच्या बाकाला ही हिवाळी शाळा पाहून भाऊ भेटल्यासारखे वाटले.

देवालयात शिरताच समोर अष्टकोनी सभामंडप लागतो. त्याच्या मध्यभागी काळ्या संगमरवराचे एक लहान देऊळ आहे : देवळात देऊळ. मायनराडची झोपडी होती ती ही जागा, असे मानतात. यात्रेकरू मोठ्या देवालयाकडे न पाहता सरळ तेथेच जातात. आत सुमारे चार फूट उंचीची लाकडी मूर्ती आहे. मारिया माता उभी, डाव्या हातावर बाळ, बाळाच्या हातात पाखरू. अंगावर भरजरी वस्त्र. ते सणवार आणि ऋतूप्रमाणे बदलतात. आणि दोघांचेही चेहरे, हात, काळेभोर. युरोपात या देवीला "काळी माता" म्हणून ओळखतात.

आम्ही मूर्तीपुढे उभे राहिलो आणि पंढरपूर आठवले. आईबरोबर लहानपणी गर्दीत चेंगरत जाऊन पाहिलेले ते सावळे रूप आठवले. पण विठोबा काळा आहे तो मुळातच, पाषाणच काळा. ही माता काळी का? याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

सध्याची मूर्ती पंधराव्या शतकातली. इ. स. १४६५ मध्ये देवालयाला आग लागली, तीत जुनी मूर्ती गेली आणि ही बसविण्यात आली. १७९८ साली फ्रेंच क्रांतीच्या फौजा स्वित्झर्लंडमध्ये घुसल्या. त्यांनी मठ लुटला आणि आतले लहान देऊळ पाडून टाकले. स्वातंत्र्य आणि समता यांचा जयघोष करीत आलेल्या त्या सैनिकांनी गरिबांच्या श्रद्धेचे घर पाडले, ही गोष्ट आमच्यासारख्यांनी विसरता कामा नये. खरी मूर्ती त्यांच्या हाती लागली नाही. ती आधीच हलवली होती, आणि पुढे लपतछपत ऑस्ट्रियात नेण्यात आली. तेथे ब्लुडेन्झ गावी १७९९ साली योहान आदाम फ्यूट्शर नावाच्या कारागिराकडे ती डागडुजीला दिली. ब्लुडेन्झही त्याच फोरार्लबर्ग मुलखातले. ज्या मुलखाने देवालय बांधणारा दिला, त्यानेच मूर्ती सावरणाराही दिला.

फ्यूट्शरने मूर्ती तपासली आणि आपल्या निवेदनात लिहून ठेवले की, हा काळा रंग चितारण्याने दिलेला नाही. शतकानुशतके त्या कोंदट देवळात जळत राहिलेल्या दिव्यांच्या व मेणबत्त्यांच्या धुराची ती पुटे आहेत. काही ठिकाणी पापुद्रे निघाले होते, आणि खाली माणसाच्या कातडीचा मूळ रंग दिसत होता. त्याने कारागिराच्या प्रामाणिकपणाने मूर्ती स्वच्छ केली, चेहरा उजळला. पण उजळलेली माता लोकांना ओळखू कशी येणार? ज्या काळ्या मुखाकडे पाहून त्यांच्या आजा-पणजांनी गाऱ्हाणी सांगितली, ते मुखच नाहीसे झाले होते. तेव्हा त्याच कारागिराला पुन्हा कुंचला घेऊन चेहरा आणि हात काळे रंगवावे लागले. १८०३ साली मूर्ती परत आली ती काळी होऊनच. पाडलेले लहान देऊळ १८१७ पर्यंत पुन्हा उभे राहिले.

श्रोतेहो, या प्रसंगाचा अर्थ आम्ही असा लावतो. मूर्ती घडवणाऱ्याने तिला एक रंग दिला होता. तो रंग लाखो अनामिक माणसांनी आपल्या दिव्यांनी बदलला. त्यांत राजाची मेणबत्ती होती आणि मोलकरणीचीही होती. दोघींची काजळी एकच. पंढरीला लोकांच्या स्पर्शाने देवाचे पाय झिजतात. येथे लोकांच्या दिव्यांनी देवीचे मुख काळवंडले. एके ठिकाणी भक्तांनी थोडे नेले, दुसरीकडे थोडे ठेवले. दोन्हीकडे मूर्तीच्या घडणीत त्यांचा वाटा आहे. आणि तो वाटा पुसू गेल्यावर लोकांनी तो मागून घेतला.

दर्शन घेऊन बाहेर आलो. पटांगणात मारिया मातेचा कारंजा आहे. त्याला चौदा तोट्या. भाविक चौदाही तोट्यांचे पाणी पितात. आम्हीही प्यायलो. पाणी गार आणि गोड. कारंज्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळाकार कमानी आहेत आणि त्यांत दुकाने : मेणबत्त्या, जपमाळा, तसबिरी. वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय विकणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

त्या तसबिरींनी आम्हांला पुन्हा आमच्या धंद्यावर आणले. एकोणिसाव्या शतकात आइनझीडेल्न हे धार्मिक तसबिरी, प्रार्थनापुस्तके आणि जपमाळा यांचे जगातले एक मोठे केंद्र होते. येथील बेन्झिगर या छापखान्याने १८५३ साली न्यूयॉर्कला शाखा काढली. गावातली कितीतरी घरे या धंद्यावर जगली. छापलेली चित्रे घरोघर वाटली जात आणि बायका-पोरे ती हाताने रंगवीत. जपमाळेचे मणी तारेत ओवीत. निळा झगा, सोनेरी प्रभावळ, पुन्हा निळा झगा. १८७७ साली स्वित्झर्लंडने कारखाना कायदा केला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी झाली, दिवस अकरा तासांचा झाला. त्या काळी हा फार पुढचा कायदा होता. पण घरी बसून केलेले काम त्या कायद्याच्या कक्षेत नव्हते. आपल्याकडे बिडी वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. कायदा कारखान्याच्या दारापर्यंत येतो आणि घराच्या उंबऱ्याशी थबकतो. एखाद्या दूरच्या गावी आजारी माणसाच्या उशाशी जी तसबीर असेल, तिच्यातला निळा रंग येथल्या कोणा पोरीने दिव्याच्या उजेडात भरलेला असेल. आजाऱ्याला धीर मिळाला, तो खरा. पोरीचे डोळे दुखले, तेही खरे. या दोन खऱ्या गोष्टी एकाच वहीत लिहावयाच्या असतात.

दुपार कलू लागली तेव्हा आम्ही पुन्हा आत गेलो. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर संन्यासी रांगेने काळ्या मातेच्या देवळापुढे येतात आणि लॅटिनमधील मातेचे स्तोत्र गातात. ही प्रथा १५४७ पासून चालत आली आहे. आज मठात चाळीसच्या आसपास संन्यासी आहेत. काळे झगे घातलेली ती माणसे आली. काही फार वृद्ध होती, एकाला चालताना दुसऱ्याने हात दिला होता. त्यांचा आदिगुरू संत बेनेडिक्ट सहाव्या शतकात इटलीत होऊन गेला. आळस हा आत्म्याचा वैरी असून संन्याशाने प्रार्थनेबरोबर हातानेही काम करावे, असा त्याचा नियम. सावता माळ्याचा मळा आणि गोरोबांचा चाक ज्यांना माहीत आहे, त्या महाराष्ट्राला हे तत्त्व आपलेच वाटेल. नियमात श्रमाला मान होता. व्यवहारात मात्र मान जपमाळेला आणि ओझे सेवकबंधूला, असे शतकानुशतके झाले. १९६० च्या दशकात रोमला भरलेल्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर संन्यासी आणि सेवकबंधू यांतले ते अंतर मोडत गेले. मोसब्रुगरला उशीर झाला, पण त्याच्या वारसांना मत मिळाले.

स्तोत्र चालू असताना आमच्या शेजारी एक कुटुंब उभे होते : साडी नेसलेली बाई, तिचा नवरा, दोन मुली. ते श्रीलंकेचे तमिळ. १९८३ नंतरच्या यादवीत हजारो तमिळ लोक स्वित्झर्लंडला आश्रयाला आले. हॉटेलांच्या भटारखान्यांत, रुग्णालयांच्या साफसफाईत त्यांनी कामे धरली. त्यांतले ख्रिस्ती जसे या मातेला येतात, तसे हिंदूही येतात. आम्ही मोडक्या इंग्रजीत त्या गृहस्थांना विचारले, "आपण कॅथलिक काय?" ते हसले आणि म्हणाले, "आम्ही शैव. पण आई आहे ना?" त्यांच्या हातांना भांडी घासणाऱ्या माणसाच्या हातांना पडतात तशा भेगा होत्या. त्यांनी मेणबत्ती लावली. धुराची एक बारीक रेघ वर गेली. काळ्या मुखाच्या त्या जुन्या खात्यात आणखी एक नोंद झाली असे आम्हांला वाटले.

या पटांगणावर १९२४ पासून काही काही वर्षांनी गावकरीच एक नाटक करतात. कल्देरोन या स्पॅनिश नाटककाराचे "जगाची महान रंगभूमी" हे ते नाटक. त्याची शताब्दी २०२४ साली झाली. त्यात ईश्वर सर्वांना भूमिका वाटतो : हा राजा, हा श्रीमंत, हा शेतकरी, हा भिकारी. खेळ संपला की वेष उतरवावे लागतात आणि सगळे सारखे होतात. ज्याने भूमिका नीट वठवली तो पास. कल्पना सुंदर आहे. आमचे तिच्याशी भांडण एवढेच की, भूमिका ईश्वराने वाटल्या असे म्हणणारे बहुधा राजाच्या वेषात असतात. आणि वेष उतरण्याची वाट खेळ संपेपर्यंत का पाहावी?

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा झाडांपलीकडे झिल नदीवरच्या धरणाचे पाणी चमकत होते. १९३७ साली हे सरोवर झाले. खोऱ्यातली शेते आणि घरे पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर रेल्वेसाठी वीज होते. गाडी सुरेख चालली होती. ती कोणाच्या शेतावरून चालली आहे, हे माहीत असणे बरे.

मग त्या विश्वस्त गृहस्थांच्या प्रश्नाचे काय? सेवेला पगार कसला? आइनझीडेल्नहून आम्ही जे उत्तर आणले ते असे. सेवा ही मोकळ्या माणसाने द्यावयाची वस्तू आहे. त्या तमिळ गृहस्थांची मेणबत्ती ही सेवा होती. ती त्यांनी आपल्या मजुरीतून विकत घेतली होती आणि कोणी मागितली नव्हती. ज्याच्याजवळ नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्याकडून घेतलेल्या कामाला सेवा म्हणणे हा सेवेचाच अपमान आहे. त्याला वेठ हा जुना शब्द आहे.

गावी परतल्यावर आम्ही त्या विश्वस्तांपुढे ही सारी हकीकत सांगितली. काळ्या मुखाची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली. करार व्हावयास त्यानंतरही दीड वर्ष लागले, आणि ते गोष्टीने झाले नाही, संघटनेने झाले. किमान वेतन, आठवड्याची सुटी, जादा कामाचा मोबदला. करारावर सही करताना त्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, "आता सेवा बंद होणार का?"

पुढच्या आषाढी एकादशीला पहाटे आम्ही मुद्दाम तेथे गेलो. झाडूवाल्यांपैकी एक बाई, जिची त्या दिवशी हक्काची सुटी होती, महाद्वारापुढचे अंगण झाडीत होती. आम्ही म्हटले, "मावशी, आज सुटी ना तुमची?" ती म्हणाली, "सुटी हाय म्हणूनच आले. आजचं माझं हाय, देवाला देते." विश्वस्त गृहस्थ थोड्या अंतरावर उभे होते. त्यांनी ते ऐकले असावे.